एकास बारा

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर ज्या देवींचे आवाहन होते, ज्येष्ठा नक्षत्रावर ज्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर ज्यांना निरोप दिला जातो, त्यांना पुण्या-मुंबईकडे गौरी आणि मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात. आणि बीड जिल्ह्यातील धारूरसारख्या गावी त्यांच्यापुढे जे चिमुकले जग मांडले जाते त्याला आरास किंवा देखावा असे नाव आहे. पत्र्याच्या कोठ्यांवर मुखवटे चढवून आणि भरजरी साड्या नेसवून उभ्या केलेल्या या देवींच्या पायाशी विहीर असते, बैलगाडी असते, शेत असते, बाजार असतो आणि अलीकडे एखादा पेट्रोलपंपही असतो. या देखाव्याच्या एका कोपऱ्यात, किराणा दुकानाच्या फळीवर किंवा बाहुलीच्या घराच्या माळ्यावर, नखाएवढी कागदी खोकी रचलेली असतात. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची नजर मुखवट्यांवरून साड्यांवर, साड्यांवरून फराळाच्या ताटांवर आणि तेथून थेट यजमानीणबाईंच्या पाटल्यांवर जात असल्यामुळे या खोक्यांपर्यंत ती सहसा पोचत नाही, आणि म्हणूनच त्यांचा स्वतंत्र विचार करणे प्राप्त आहे.

खोके म्हणजे कागदाची किंवा पातळ पुठ्ठ्याची, आतून रिकामी आणि बाहेरून भरल्यासारखी दिसणारी पेटी. या शब्दाला २०२२ नंतर राज्याच्या राजकारणात जो अर्थ प्राप्त झाला तो येथे अभिप्रेत नाही. देखाव्यातली खोकी खरोखरच रिकामी असतात आणि त्यांची संख्या कोणीही मोजून पाहू शकतो.

प्रमाण म्हणजे खऱ्या वस्तूच्या लांबीशी तिच्या प्रतिकृतीच्या लांबीचे गुणोत्तर. बाहुलीघरांच्या जगात एकास बारा हे प्रमाण रूढ आहे, म्हणजे खऱ्या एका फुटाच्या जागी एक इंच. ही सोय मुळात ज्या देशांत फूट आणि इंच चालत होते तिथली. पण मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षे उलटली तरी गवंडी, सुतार आणि जागेचे दलाल ही तिन्ही मंडळी फुटांतच बोलत असल्यामुळे ती धारूरलाही परकी वाटत नाही. या हिशेबाने साडेपाच फुटी गृहस्थ साडेपाच इंचांचा होतो, अठरा इंचांची घागर दीड इंचाची होते आणि सोळाव्या शतकात आदिलशाहीत उभा राहिलेला व १६३१ साली मोगलांच्या हाती गेलेला गावचा किल्ला मांडायचा तर शेजारच्या दोन गल्ल्या रिकाम्या कराव्या लागतात. म्हणून किल्ल्याची बोळवण एका बुरुजावर केली जाते. हा बुरूज पूर्वी थर्माकोलचा असे; २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यानंतर तो पुठ्ठ्याचा झाला, आणि घरोघरच्या रिकाम्या खोक्यांना जी सामाजिक प्रतिष्ठा मिळाली ती तेव्हापासून.

शास्त्र एकास बाराचे असले तरी प्रत्यक्ष देखाव्यात प्रमाणाची जी अवस्था असते तिला अराजक हाच शब्द योग्य आहे. प्लॅस्टरची गवळण सासूबाईंनी जत्रेतून आणलेली असते आणि ती आठ इंचांची असते. तिची गाय नातवाच्या खेळण्यांतली असून गवळणीच्या पावलाएवढी असते. आणि या दोघींच्या मधून जी एसटी धावते तिच्यात गाय मावत नाही आणि गवळण तर एसटीवरच बसू शकते. कोणत्याही वस्तूला तिचे जन्मजात माप असते, आणि शेजारी चुकीची वस्तू आली की ते माप चव्हाट्यावर येते. बैलापेक्षा मोठा कोंबडा पाहून पाच वर्षांचे मूलसुद्धा हसते.

या सर्व गोंधळात खोके ही एकच वस्तू अशी आहे की जिला स्वतःचे माप नाही. दोन सेंटिमीटरची एक कोरी कागदी पेटी घेतली आणि ती पाच इंची बाहुलीशेजारी ठेवली तर ती मिक्सरची पेटी दिसते. दीड इंची बाहुलीशेजारी सरकवली तर तिच्यातून कूलर निघेल असे वाटते. आणि देखाव्यातून उचलून तळहातावर घेतली तर ती सराफाने दिलेली अंगठीची डबी होते. गाय, माणूस, सायकल आणि एसटी यांना जे जमत नाही ते खोक्याला जमते, कारण खोक्यात काय आहे हे बघणाराच ठरवतो. देखावा मांडणाऱ्या अनुभवी बायका गवळण आणि गाय यांच्यामधल्या अवघड जागेत नेमकी दोन-तीन खोकी का ठेवतात याचे उत्तर येथे आहे: मापांचे भांडण मिटवण्यासाठी ज्याला स्वतःचे मत नाही असा मध्यस्थ लागतो.

मात्र या कोऱ्या पेटीवर नाव चिकटवले की तिचे स्वातंत्र्य संपते. ‘चहा’ असे लिहिले की ती चहाच्या पुड्याएवढीच असावी लागते, ‘टीव्ही’ असे लिहिले की तिच्याशेजारी उभा राहणारा माणूस तिला दोन्ही हात पसरून कवेत घेऊ शकला पाहिजे. म्हणून खोकी करणाऱ्यांत दोन वृत्तीची माणसे आढळतात. कोरी खोकी करून सुखी राहणारी, आणि नाव चिकटवून पुढच्या तीन रात्री जागणारी. पुढील विवेचन अर्थातच दुसऱ्या वर्गाविषयी आहे, कारण सुखी माणसांविषयी लिहिण्यासारखे फार नसते.

हे वेड काही एकट्या मराठवाड्याचे नव्हे. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात एक बाहुलीघर बांधले गेले. ते एकास बारा या प्रमाणात आहे, त्यातल्या नळांना पाणी येते, लिफ्ट वरखाली होतात, तळघरातल्या बाटल्यांत खरी दारू आहे, ग्रंथालयासाठी आर्थर कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सची एक स्वतंत्र छोटी गोष्ट लिहून दिली आहे, आणि कोठीघरात त्या काळच्या नामांकित कंपन्यांच्या मालाचे अंगठ्याएवढे डबे आणि खोकी आहेत. या घराचे वास्तुरचनाकार एडविन लट्येन्स हे होते आणि याच वर्षांत ते दिल्लीच्या रायसीना टेकडीवर व्हाइसरॉयचा प्रासाद, म्हणजे आजचे राष्ट्रपती भवन, बांधीत होते. दिल्लीत चढाचा उतार चुकला, प्रासाद समोरून झाकला जाऊ लागला आणि त्यावरून हर्बर्ट बेकर या सहकाऱ्याशी त्यांचे जे बिनसले ते बिनसलेच. बाहुलीघराच्या बाबतीत मात्र असा काही वाद झाल्याचे दिसत नाही, कारण तेथे चढ नव्हता आणि बेकरही नव्हते.

त्याही आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमन या श्रीमंत बाईने एका कपाटात बाहुलीघर सजवायला घेतले आणि त्यावर कालव्याकाठच्या एका खऱ्या घराएवढा पैसा खर्च केला. ते कपाट आज तिथल्या राईक्स म्युझियममध्ये आहे. बाईच्या यजमानांनी या खर्चावर काय उद्गार काढले असतील याची कल्पना कोणत्याही भाषेतल्या यजमानांना करता येईल. अमेरिकेतील फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईने तर १९४० च्या दशकात पोलिसांना तपास शिकवण्यासाठी खुनाच्या आणि संशयास्पद मृत्यूंच्या जागा एकास बारा प्रमाणात तयार केल्या आणि त्यांतले मोजे टाचण्यांवर विणले. त्या देखाव्यांत खोके कोठे पडले आहे यावरून निष्कर्ष बदलू शकतो. महालक्ष्म्यांपुढच्या देखाव्यातही जावेच्या घरचे खोके सापडले तर निष्कर्ष काढले जातातच, पण त्यासाठी प्रशिक्षण लागत नाही.

महाराष्ट्रात चिमुकल्या वस्तूंची जुनी आणि समृद्ध परंपरा म्हणजे भातुकली. पुण्याच्या विलास करंदीकर यांनी जमवलेल्या भातुकलीच्या प्रचंड संग्रहावरून या परंपरेचा आवाका कळतो: चूल, जाते, उखळ, पाटा-वरवंटा, बंब, घंगाळ, शेवगा, पुरणयंत्र, सगळे काही पितळेत, तांब्यात, दगडात आणि लाकडात. परंतु पारंपरिक भातुकलीत कागदी खोके नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. जुन्या घरात वस्तू खोक्यातून येत नसत. धान्य पोत्यातून येई, तेल बरणीतून येई, गूळ ढेपेने येई आणि बाकी सर्व पुडीतून येई. पुडी म्हणजे रद्दी कागदाचा शंकू करून, त्यात हळद किंवा जिरे घालून, तोंड दुमडून वर सुतळीचे किंवा दोऱ्याचे दोन वेढे मारलेली रचना. वाण्याच्या हाताला ती इतकी अंगवळणी पडलेली असे की तो गिऱ्हाइकाशी भांडत भांडत ती बांधी. खोके आले ते कारखान्यात भरलेल्या मालाबरोबर, म्हणजे बरेच उशिरा. त्यामुळे देखाव्यात खोके दिसले की त्या देखाव्याचा काळ आपोआप ठरून जातो.

धारूरच्या घराघरांतून दरवर्षी जो तात्त्विक संघर्ष होतो त्याचे मूळ येथे आहे. एका बाजूला खेडे संप्रदाय असतो. त्याची धुरा आजीकडे असते आणि त्याचे म्हणणे असे की महालक्ष्म्यांपुढे जुने खेडेच शोभते. त्यात मोट हवी, चिपाडाची बैलगाडी हवी, आणि दुकान असलेच तर त्यात पुड्या, पाट्या आणि टोपल्या हव्यात. दुसऱ्या बाजूला पार्सल संप्रदाय असतो. त्याचे नेतृत्व सातवी-आठवीतल्या नातीकडे असते आणि तिला चिपाडाच्या बैलगाडीतून तपकिरी रंगाची, चिकटपट्टी मारलेली, परत करण्याची मुदत छापलेली पार्सले उतरवायची असतात. मधल्या पिढीला पुरणाचे वाटण, सोळा भाज्यांची जमवाजमव आणि सवाष्णींची निमंत्रणे यांतून वेळ मिळत नसल्याने ती तटस्थ राहते. या वादात आजपर्यंत कोणताही संप्रदाय जिंकलेला नाही. वर्षानुवर्षे मोटेशेजारी पार्सल आणि पार्सलाशेजारी जाते असे सहजीवन चालू आहे, आणि खरे सांगायचे तर आजचे धारूर नेमके असेच आहे, त्यामुळे वास्तवदर्शनाच्या दृष्टीने हा देखावा राणी मेरीच्या घरापेक्षा सरस ठरतो.

आता साहित्याकडे वळले पाहिजे. खऱ्या मालाचे पाचपदरी, म्हणजे मधे नालीदार कागदाचे दोन थर असलेले, खोके सुमारे पाच-सहा मिलिमीटर जाड असते. त्याचा बारावा हिस्सा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो आणि एवढ्याच सुमाराच्या जाडीची जी वस्तू प्रत्येक मराठी घरात फुकट, विपुल आणि सतत येत असते ती म्हणजे लग्नपत्रिका. बीड जिल्ह्यात एका उन्हाळ्यात घरी येणाऱ्या पत्रिका एकावर एक रचल्या तर त्यांतून बाहुल्यांसाठी आख्खी बाजार समिती उभी राहील. पत्रिकेवर देवाचे चित्र असल्यामुळे ती टाकता येत नाही, नातेवाइकाचे नाव असल्यामुळे रद्दीत घालता येत नाही आणि जाड असल्यामुळे चुलीत नीट पेटत नाही. अशा वस्तूला देखाव्यात सद्गती मिळते. देवाचा भाग तेवढा कापून देव्हाऱ्यात ठेवावा, बाकीच्याची खोकी करावीत असा प्रघात आहे. त्यामुळे बाहुलीच्या टीव्हीच्या खोक्यात आतल्या बाजूला ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असे लिहिलेले सापडू शकते.

पातळ खोक्यांच्या बाबतीत मात्र गणित अडते. पेढ्यांच्या खऱ्या खोक्याचा पुठ्ठा साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्याचा बारावा हिस्सा पतंगाच्या कागदाजवळ जातो. पतंगाच्या कागदाचे खोके उभेच राहत नाही, ते शरणागती पत्करल्यासारखे बसते. झेरॉक्सचा कागद वापरावा तर तो एक दशांश मिलिमीटर जाड, म्हणजे बाहुलीच्या हातात गेल्यावर सव्वा मिलिमीटर जाड पत्रा. शास्त्रशुद्धता आणि उभे राहणे यांपैकी एकाची निवड करावी लागते, आणि सर्व संप्रदायांत उभे राहण्यालाच प्राधान्य दिले गेले आहे. बाहुल्यांच्या राज्यात पेढ्यांची खोकी दणकट असतात, एवढे मान्य करून पुढे जाणे श्रेयस्कर.

काडेपेटीचे स्थान या कलेत स्वतंत्र आहे, कारण ती करावी लागत नाही, ती असते. नेहमीची काडेपेटी पाच सेंटिमीटर लांब धरली तर बाहुलीच्या घरात ती साठ सेंटिमीटरची होते, म्हणजे तिची उत्तम ट्रंक होते, आणि अशा सहा पेट्या एकमेकींवर चिकटवून प्रत्येकीच्या ड्रॉवरला एकेक मणी लावला की कपाट तयार होते. डिसेंबर २०२१ मध्ये काडेपेटीची किंमत चौदा वर्षांनी वाढून एक रुपयाची दोन रुपये झाली तेव्हा सहा ड्रॉवरांच्या कपाटाचा खर्च सहा रुपयांवरून बारा रुपयांवर गेला. फर्निचरच्या दरात एका रात्रीत शंभर टक्के वाढ झाल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. परंतु बाहुलीच्या चुलीशेजारी ठेवायची काडेपेटी करायची झाल्यास ती चार मिलिमीटर लांब, तीन रुंद आणि एक उंच करावी लागते. ती करणारे लोक आहेत. त्यांच्याशी त्या वेळी बोलू नये.

खोके करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली घडणीची: कोणतीही पेटी कडांवर चिरून सपाट पसरली असता जो आकार मिळतो त्याला भूमितीत घडण म्हणतात. घनाच्या अशा अकरा वेगवेगळ्या घडणी निघतात हे सिद्ध झालेले आहे, आणि शाळेच्या परीक्षेत नेमकी घडी न होणारी बारावी आकृती विचारली जाते हा अनुभव आहे. घडणीच्या कडेला जे दुमडून आत चिकटवायचे पट्टे ठेवतात त्यांना कान म्हणतात. कान ठेवायला विसरणे हा नवशिक्याचा दोष, दोन्ही बाजूंना कान ठेवणे हा उत्साही माणसाचा दोष, आणि कान चुकून कापून टाकणे हा चष्मा विसरलेल्या माणसाचा दोष. घडीच्या रेघेवर आधी बंद पडलेल्या बॉलपेनचे टोक दाबून फिरवले, म्हणजे कागद न फाटता खाच पडली, तर घडी सरळ बसते; शाई असलेले बॉलपेन वापरले तर बाहुलीच्या प्रत्येक खोक्याला निळ्या कडा येतात आणि ते कंपनीचे चिन्ह आहे असे सांगावे लागते.

दुसरी रीत निव्वळ घड्यांची, जिला जपानी नावाने ओरिगामी म्हणतात आणि जी अनिल अवचट यांच्यासारख्या लेखकांच्या छंदामुळे मराठी घरांत ओळखीची झाली. जपानी लोक धान्य मापण्याच्या चौकोनी लाकडी मापाला मसू म्हणतात. तशीच डबी चौरस कागदाची चारही टोके मध्यावर आणून आणि कडा उभ्या करून बनते, आणि तिला ना कात्री लागते ना डिंक. या डबीचा तळ कागदाच्या बाजूच्या सुमारे ३५ टक्के भरतो, म्हणजे एक सेंटिमीटर तळासाठी जवळजवळ तीन सेंटिमीटरचा चौरस घ्यावा लागतो. झाकणासाठी चौरस किंचित मोठा हवा. नेहमीच्या डबीत हा ‘किंचित’ दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि कोणालाही जमतो. एक सेंटिमीटरच्या डबीत तो केसाएवढा होतो, आणि झाकण एक तर बसत नाही किंवा बसले की निघत नाही. न निघणारे झाकण हे मोठे यश मानतात, कारण आत काय आहे हा प्रश्न त्यामुळे कायमचा मिटतो.

चिकटवण्यासाठी पूर्वी गव्हाच्या पिठाची खळ किंवा बाभळीचा डिंक वापरीत. १९५९ साली फेविकॉल बाजारात आले आणि यथावकाश त्याने बहुतेक घरांतून दोघांनाही निवृत्त केले. बाटलीच्या तोंडातून येणारा फेविकॉलचा सर्वांत लहान थेंबही बाहुलीच्या मापाने डबकेच असतो, म्हणून तो आधी पत्रिकेच्या तुकड्यावर घेऊन फड्याच्या काडीच्या टोकाने लावावा लागतो. बोटे मात्र एकास एक प्रमाणाचीच राहतात. मनुष्याचा अंगठा त्या जगात एक फूट रुंद भरतो, आणि फूटभर रुंद अंगठ्याने पेढ्यांच्या खोक्याचे झाकण मिटवायचे ही या कलेची मूळ अडचण आहे. त्यावर भुवया कोरण्याचा चिमटा हा उपाय आहे. घरातल्या ज्या व्यक्तीचा तो चिमटा असतो तिचा या कलेविषयीचा अभिप्राय येथे देत नाही.

नाव छापण्याचे काम झेरॉक्सच्या दुकानात होते. खऱ्या खोक्यावरचा छाप बारावा हिस्सा करायचा म्हणजे ८.३३ टक्क्यांवर आणायचा. परंतु बहुतेक यंत्रे एका दमात २५ टक्क्यांच्या खाली उतरत नाहीत, म्हणून आधी २५ टक्के आणि आलेल्या प्रतीचे पुन्हा ३३ टक्के असा दोन टप्प्यांचा प्रवास करावा लागतो. तो सव्वाआठ टक्क्यांवर संपतो आणि उरलेली तूट बाहुल्या माफ करतात. आलेला कागद हातात घेऊन दुकानदार आधी उजेडाकडे धरतो, मग उलटा करतो आणि शेवटी विचारतो, “ताई, हे वाचायचंय कुणाला?” या प्रश्नाला समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही.

देवनागरीचे हाल या प्रवासात सर्वाधिक होतात. रोमन अक्षर लहान होत होत शेवटी ठिपका होते आणि गप्प बसते. देवनागरीत मात्र वरच्या मात्रा आणि खालचे उकार आधी नाहीसे होतात आणि मधले अक्षर धडधाकट उरून भलतेच काही सांगू लागते. ‘मूग’ या खोक्याचा ‘मग’ होतो, ‘गूळ’ चा ‘गळ’ होतो, ‘तीळ’ मधली वेलांटी उडून दांडा उरला की ‘ताळ’ होतो. उलट यंत्रातल्या शाईचा एखादा कण कोणत्याही अक्षरावर पडला की तो अनुस्वार ठरतो, त्यामुळे जे खऱ्या वाण्याकडे मिळत नाही ते बाहुलीच्या वाण्याकडे हमखास मिळते. शुद्धलेखनाचे आग्रही पाहुणे आले तर त्यांना फराळाच्या बाजूला बसवावे.

धारूरच्या देखाव्यात खोके असावे आणि ते सीताफळाचे नसावे हे अशक्य आहे. बालाघाटाच्या डोंगरात आणि किल्ल्याच्या परिसरात ही झाडे विपुल आहेत, बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित मालाला मिळणारी कायदेशीर ओळख, मिळाले आहे, आणि महालक्ष्म्यांपाठोपाठ या फळाचा हंगाम येतोच. सीताफळाचे खोके उघडे ठेवावे लागते, कारण झाकलेले खोके सीताफळाचे आहे यावर गावातला माणूस विश्वास ठेवीत नाही. तो वरचा थर बघतो, मग खालच्या थराविषयी शंका घेतो. म्हणजे येथे आत फळे हवीत. सहा सेंटिमीटरचे फळ बारावा हिस्सा झाले की पाच मिलिमीटरचे होते, आणि या मापाची, गोल, सर्वांगाला सुरकुत्या आणि खाचा असलेली वस्तू मसाल्याच्या डब्यात आधीपासून हजर असते: काळे मिरे. मिऱ्यांना फिकट हिरव्या रंगाचा एक हात दिला आणि खाचांत थोडा पांढुरका ठेवला की त्यांचे जे सीताफळ होते ते पाहून व्यापारी भाव विचारील. लट्येन्सच्या घरात हा शोध लागलेला नाही. याच न्यायाने मोहरी बोरांच्या ठिकाणी आणि मूग कैऱ्यांच्या ठिकाणी चालतात. धने रेघांमुळे कलिंगडासारखे दिसतात, पण मापात बसत नाहीत, आणि ते कलिंगड म्हणून मांडणारी व्यक्ती शेतकऱ्याच्या घरची नसावी असा कयास बांधता येतो. एकाच गोष्टीची खबरदारी घ्यावी लागते, ती म्हणजे ऐन पूजनाच्या दिवशी स्वयंपाकघरात मिरे संपले तर देखाव्यातली सीताफळे आमटीत जाऊ देऊ नयेत.

उघड्या खोक्यांचा प्रश्न असा सुटतो. बंद खोक्यांपुढे वाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. लांबी बारावा हिस्सा झाली की पृष्ठफळ १४४ वा आणि घनफळ १७२८ वा हिस्सा होते, म्हणून अर्धा किलो पेढ्यांचे वजन बाहुलीच्या मापात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, डझनभर तांदळाच्या दाण्यांएवढे, भरते. आणि रिकाम्या खोक्याचे तर काहीच भरत नाही. भाद्रपदातली दमट दुपार असते, घरात तीस सवाष्णी जेवायला बसलेल्या असतात, कोणीतरी पंखा पाचावर करते आणि बाहुल्यांची संपूर्ण बाजारपेठ उडून अंबिलीच्या पातेल्याच्या दिशेने निघते. वीज गेली तरच ती वाचते. भारनियमनाचा लाभ झालेला हा बहुधा एकमेव व्यापारी वर्ग असावा. यावरचा रूढ उपाय म्हणजे प्रत्येक बंद खोक्यात ज्वारीचे दोन-तीन दाणे टाकणे. त्यामुळे खोकी जागेवर बसतात खरी, परंतु पाहुण्यांबरोबर आलेले एखादे मूल नेमके मोबाइलचे खोके उघडते, त्यातून ज्वारी बाहेर पडते आणि मूल मोठ्याने जाहीर करते, “आई, मोबाइलात ज्वारी निघाली!” जेवणावळीत अशा वेळी ज्या आवाजात हसले जाते त्यात ऑनलाइन खरेदीचा ज्यांना पूर्वानुभव आहे त्यांचा आवाज वेगळा ओळखू येतो.

रिकामे खोके देखाव्यात कोठे ठेवावे याविषयी मात्र दोन्ही संप्रदायांचे एकमत आहे: माळ्यावर. मराठी घर राहते आहे की नुसते सजवलेले आहे हे त्याच्या दिवाणखान्यावरून कळत नाही, माळ्यावरून कळते. टीव्हीचे खोके हमी संपेपर्यंत ठेवलेले असते आणि हमी संपल्यावर सवयीने राहते. मिक्सरचे खोके बदलीच्या गावी जाताना लागेल म्हणून ठेवलेले असते आणि घरातला बदलीचा माणूस निवृत्त झालेला असतो. बुटांच्या खोक्यात विजेची जुनी बिले असतात, आणि एक खोके असे असते की त्यात फक्त इतर खोक्यांची झाकणे असतात. परदेशी बाहुलीघरांत छताखालची खोली मोलकरणींना दिलेली आढळते. धारूरच्या बाहुलीघरात तिथे खोकी असतात आणि ती बघून म्हाताऱ्या बायका समाधानाने मान हलवतात, कारण एवढ्या तयारीनंतर पहिल्यांदाच तिथे कोणीतरी राहत असल्याची त्यांची खात्री पटते. शिवाय या माळ्यावरच्या चिमुकल्या खोक्यांना लागणारा पुठ्ठा खऱ्या माळ्यावरच्या खोक्यांतून आलेला असतो, त्यामुळे ‘ही कशाला साठवून ठेवलीत’ या घरातल्या बारमाही प्रश्नाला वर्षातून तीन दिवस तरी उत्तर असते.

मूळ नक्षत्रावर दहीभाताचा नैवेद्य झाला, मुखवटे उतरले, कोठ्या कपड्यात गुंडाळल्या गेल्या, की खोकी एका मोठ्या खोक्यात भरून माळ्यावर जातात आणि त्यावर ‘महालक्ष्म्यांचे सामान, हलवू नये’ असे लिहिले जाते. तेथे त्यांची गाठ झुरळांशी पडते. झुरळांना पिठाची खळ प्रिय आहे, त्यामुळे खळच वापरण्याचा खेडे संप्रदायाचा जुना हट्ट त्यांच्या पथ्यावर पडतो, आणि चार सेंटिमीटरचे झुरळ एकास बाराच्या जगात ४८ सेंटिमीटर लांबीचे जनावर असते. बाहुल्यांनी तेथे अकरा महिने कसे काढावेत हा त्यांचा प्रश्न आहे. बंदोबस्त म्हणून खोक्यात डांबरगोळ्या टाकतात. पुढच्या भाद्रपदात सामान उतरवले की त्यांतली एखादी हमखास शाबूत सापडते. दोन सेंटिमीटरची, गोल, पांढरीफेक, म्हणजे बाहुलीच्या मापाने २४ सेंटिमीटरची, आणि नातीच्या बाजूचे व आजीच्या बाजूचे असे दोन्ही पक्ष ती बघून क्षणभर विचार करतात आणि मग तिला दोऱ्याच्या शिंक्यात घालून बाहुलीच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून बांधायचा कोहळा म्हणून टांगतात.